नाण्याचा टाक होत नाही

आमच्या दुकानात सोनं जवळजवळ नसतंच. तरी धाराशिवात मला सगळे सोनारकाका म्हणतात. लग्नसराईत एखादं नवं गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून मंगळसूत्राची मजुरी विचारतं, तेव्हा मी समोरच्या झगमगीत दुकानाकडं बोट करतो. मी टाक करतो, म्हणजे देव्हाऱ्यात बसवायचे चांदीचे देव. काडेपेटीएवढ्या पत्र्यावर उठवलेली भवानी, खंडोबा, बिरोबा, येडाई. वडील हेच करायचे, त्यांच्याकडून मी शिकलो, आणि माझ्यानंतर या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतील याची मला खात्री आहे. जागा मोक्याची आहे.

या अंकाच्या संपादकांनी कळवलं होतं की धंद्यातले गोड अनुभव लिहा. मी बसून आठवून पाहिलं. गोड म्हणता येतील असे फार निघाले नाहीत. जे निघालं ते लिहितो.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. चांदी गाळून तिचा पत्रा काढायचा, पोस्टकार्डापेक्षा थोडा जाड. तो तापवून मऊ करायचा. काशाच्या ठशात देव खोल कोरलेला असतो. त्यावर पत्रा, पत्र्यावर शिशाचा तुकडा, आणि वरून हातोडी. शिसं मऊ असतं, ते पत्र्याला घेऊन ठशाच्या खोलात उतरतं. ठोका एकदाच आणि पुरा बसला पाहिजे. दुसऱ्यांदा मारलात की पत्रा सरकतो आणि देवाला दोन नाकं येतात. मग कडा कापायच्या, मागं तांब्याचा पत्रा बसवायचा, आणि रिठ्याच्या पाण्यानं धुऊन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्याला देवपण आणणं हे पुजाऱ्याचं काम. माझ्याकडून जातो तोवर तो माल असतो.

माल म्हटलं की लोकांना राग येतो, पण मालासारखं वागतात तेच. एकदा चार भाऊ आले. वाटणी झाली होती. जुना खंडोबा थोरल्याकडं राहणार होता आणि बाकीच्या तिघांना नवे करून हवे होते. तिघांचे घोडे एकाच ठशातले, तरी तिघे काट्यावरून नजर काढायला तयार नव्हते. धाकट्याचा देव किंचित हलका भरला. तो मला म्हणाला, "काका, माझा घोडा जरा खाऊन-पिऊन करा की." मी त्याच्या टाकाला मागून चांदीचं एक टिकलं जोडून दिलं. समाधानानं गेला.

वडिलांनी कोरलेला भवानीचा एक ठसा आमच्याकडं आहे. कोरताना त्यांचं कलम एका जागी घसरलं होतं, त्यामुळं देवीच्या डाव्या अंगठ्यावर एक बारीक ओरखडा उठतो. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी त्या ठशाचे दोन टाक घेऊन गेला. आता तीच भवानी यंत्रावर छापून तुळजापूरच्या रस्त्यावर दुकानादुकानांत मिळते, आमच्यापेक्षा निम्म्या मजुरीत. मी एक विकत आणून भिंगाखाली धरली. अंगठ्यावर ओरखडा होता. वडिलांची चूकसुद्धा छापणाऱ्यांनी सोडली नव्हती. मी भांडायला गेलो नाही. ठशावर वडिलांचं नाव कुठं होतं?

आता टाकांमधला एक प्रकार राहिला, पूर्वजाचा टाक. घरातला कर्ता माणूस गेला की काही घराण्यांत घोड्यावर बसलेला त्याचा टाक करून देवात बसवतात. आमच्या भागात यात दोन गोष्टी पाळतात. एक, त्या माणसाच्या वापरातली किंवा त्याच्या नावानं घरात आलेली काहीतरी चांदी त्यात पडली पाहिजे. करदोटा, ताईताची पेटी, निदान एखादं बटण. दुसरी, टाकावर नाव घालायचं नाही. वडील सांगायचे, नाव घातलं की तो एकट्याचा होतो, नाव नसलं की घराचा होतो. मला हे फार पटायचं. मी कित्येक पूर्वज ठोकले आणि एकावरही अक्षर कोरलं नाही.

असं असताना सुगलाबाई दुकानात आल्या.

तामलवाडीच्या अलीकडं धनगरांची एक वस्ती आहे, तिथल्या. साठी ओलांडलेली, सडपातळ, कपाळ रिकामं. बरोबर त्यांचा मुलगा सिद्राम. तो इथंच एका सरकारी कार्यालयात कारकून आहे, त्याला मी तोंडओळखीनं जाणत होतो. बाईंनी पिशवीतून निळी मखमली डबी काढून माझ्या गादीवर ठेवली आणि उघडली. आत शंभर रुपयांचं नाणं होतं. वाचकांनी हे नाणं बहुधा पाहिलेलं नसेल. सरकार थोरामोठ्यांच्या स्मरणार्थ अशी नाणी काढतं. ती बाजारात चालवायला नसतात, टाकसाळीतून नोंदणी करून विकत घ्यायची आणि जपून ठेवायची. हे होतं एका संगीतकाराच्या शताब्दीचं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. कारण पुढं वाचताना कळेल. राष्ट्रीय संगीतकार म्हणतात त्यांना, आणि त्यांच्या एका गाण्याचे सुरुवातीचे बासरीचे सूर लागले की शाळेतली पोरंसुद्धा सरळ उभी राहतात.

"ह्याचा टाक करायचाय," सुगलाबाई म्हणाल्या. "आमच्या मालकाचा."

"मावशी, हे नाणं आहे."

"मला ठावं हाय काय हाय त्ये. चांदीचं हाय म्हनत्यात. ह्याचं त्वांड मोडा आन् त्यातनं आमचे मालक काढा."

सिद्राम दारातच उभा होता, कुणी ओळखीचं बघत नाही ना याचा अंदाज घेत. "काका, तुमीच सांगा हिला. घरी सांगून दमलो. ही सरकारी वस्तू हाय."

"सरकारी कशी? माझ्या वटीत घातली की त्यांनी. धा मानसांदेखत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचे मालक धुळाप्पा, मेंढरं राखायचे आणि पावा वाजवायचे. पावा म्हणजे धनगरांची बांबूची बासरी. चाळीसेक वर्षांपूर्वी हे संगीतकार सोलापूरहून तुळजापूरला दर्शनाला निघाले होते. वाटेत गाडी तापली म्हणून थांबली. धुळाप्पा संध्याकाळी मेंढरं वाड्याकडं, म्हणजे रात्री कोंडायच्या जागी, वळवत होते, आणि मेंढरं वळवायची त्यांची एक चाल होती ती वाजवत होते. साहेब गाडीतून उतरले. पुन्हा वाजव म्हणाले, पुन्हा म्हणाले. पुढच्या महिन्यात माणूस पाठवून धुळाप्पांना मुंबईला नेलं, काचेच्या खोलीत बसवून वाजवून घेतलं, आणि नवं धोतर, टोपी आणि गाडीभाडं देऊन परत पाठवलं. गाणं देशभर झालं. त्यावर कुठंही धुळाप्पांचं नाव नाही. बासरीवादक म्हणूनसुद्धा नाही.

"त्यांना वाईट वाटायचं?" मी विचारलं.

"न्हाय. रेडिवला लागलं की हसायचे. म्हनायचे, बघ, मेंढरं वळवायलाच वाजतंय." बाई पुढं म्हणाल्या, "मलाच वाटायचं. म्या लई बोलायची. त्ये ऐकून घ्यायचे आन् बिडी पेटवायचे."

धुळाप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. शताब्दीचा कार्यक्रम इथल्या एका सभागृहात झाला, तेव्हा आयोजकांना कुणीतरी सांगितलं की त्या गाण्यातली बासरी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाची आहे. सुगलाबाईंना बोलावणं आलं. शाल, नारळ आणि हे नाणं. निवेदिका म्हणाली, "आदरणीय गुरुजींच्या दिवंगत साथीदाराच्या पत्नी." एवढंच. पत्रिकेतही नाव नव्हतं.

"मी इचारलं होतं त्यांना," सिद्राम म्हणाला. "जागा पुरली न्हाय म्हनले."

"आन् ह्याच्यावर पुरली," बाईंनी नाण्यावर बोट आपटलं. "दोन दोन बाऱ्या लिवलंय म्हनं नाव. मराठीत एकदा आन् इंग्रजीत एकदा."

मी नाणं हातात घेतलं. कारागीर म्हणून सांगतो, चेहरा उत्तम उठवलाय. मागची जमीन आरशासारखी आणि चेहरा दाणेदार, कपाळावरची आठीसुद्धा सुटलेली नाही. पण डबीबरोबरचा कागद वाचला आणि माझं काम सोपं झालं. निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. असला धातू पत्र्याला चिवट, ठशावर कडेनं फाटतो, आणि फाटला नाही तरी देव्हाऱ्यातल्या रोजच्या पाण्यानं काळा पडतो.

"मावशी, याचा टाक होत नाही. यात चांदी निम्मीच आहे."

"निम्मं खोटं?"

"खोटं नाही. मिसळ आहे."

"त्येच त्ये."

"आणि दुसरं म्हणजे नाणं वितळवणं गुन्हा आहे. मला ते करता येणार नाही. कुणी केलेलं कळलं तर मी त्याच्याशी व्यवहार ठेवणार नाही."

"आन् दुसऱ्याची चाल उचलून न्हेनं? त्याला काय कायदा हाय?"

"ते मला माहीत नाही, मावशी."

"कुनालाच ठावं नस्तंय," त्या म्हणाल्या आणि डबी मिटून पोराकडं सरकवली. "घे. ठेव तुझ्या शोकेसात." सिद्रामनं ती इतक्या चटकन उचलली की मलाच लाज वाटली. नंतर मी त्याच्या घरी गेलो तेव्हा पाहिलं. बैठकीतल्या काचेच्या कपाटात वर छोटा दिवा लावून नाणं ठेवलंय. आल्यागेल्याला तो आवर्जून दाखवतो. त्याला दोष देत नाही. कचेरीत साहेबलोकांनी त्याला पहिल्यांदा खुर्ची दिली ती या नाण्यामुळं.

मला वाटलं विषय संपला. पण बाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत जोडवी होती, मासोळ्या होत्या. धुळाप्पा गेले त्या दिवशी पायातून काढलेल्या. सिद्राम "आई" एवढंच म्हणाला.

"त्येंनीच घातली व्हती, त्येंच्यातच जाऊ द्या. ही तर खरी हाय ना?"

मी कसाला लावून पाहिली. जुनी चांदी, बऱ्यापैकी शुद्ध. गाळली तरी एका टाकाला पुरून उरेल एवढी. हो म्हणालो.

"घोड्यावर नगं. त्ये कधी घोड्यावर बसलं न्हाईत. हातात पावा आन् खांद्यावर घोंगडी. आन् वर नाव घाला. त्या नाण्यावर हाय तसं."

"मावशी, टाकावर नाव घालत नाहीत."

"त्याच्यावर कसं हाय?"

"ते नाणं आहे."

"मग नाण्यावानी करा," त्या म्हणाल्या आणि एस. टी. चुकेल म्हणून उठल्या.

घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. तिला माझ्या धंद्यातल्या कटकटी ऐकायची फार हौस नाही, पण हे ऐकताना तिची पोळी तव्यावर करपली. मी म्हणालो, जोडव्यांचा टाक करून देतो, पण नाव काही घालणार नाही, आपल्याकडं तशी रीत नाही.

"आपल्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे तीन टाक आहेत," ती म्हणाली. "रोज पाणी मी घालते. कोण कोण आहेत ते?"

"आजोबा असतील."

"कोणते आजोबा? आणि बाकीचे दोन?"

मला सांगता आलं नाही. आजोबांचा कोणता तेही सांगता आलं नाही. तिघांना घोडे आहेत, तिघांना मिशा आहेत, आणि तिन्ही वडिलांनीच केलेले असणार. घराचे झाले म्हणजे काय झालं, ते मला त्या दिवशी करपलेल्या पोळीच्या वासात कळलं. बायकोनं दुसरी पोळी वाढली.

पण मी आकड्यांचा माणूस आहे. काट्यावर चढल्याशिवाय मी कशालाच किती म्हणत नाही. अमुक गाणं आमच्या चुलत्याचं, तमुक भजन आमच्या आजीचं, असं सांगणारी माणसं मला दुकानात नेहमी भेटतात. चांदीत नाव कोरायचं तर आधी खात्री हवी. शिवाय धुळाप्पांचा चेहराही हवा होता. रविवारी सिद्रामबरोबर तामलवाडीला गेलो.

फोटो एकच होता, कुणाच्या तरी लग्नातला, त्यातही धुळाप्पा कडेला आणि अर्धे. सुगलाबाईंनी तोंडी सांगितलं ते मी लिहून घेतलं. नाक लांब, कान मोठे, डाव्या भुवईवर मेंढ्याच्या शिंगाची खूण. मग आम्ही माळावर गेलो. तिथं धुळाप्पांचे थोरले चुलतभाऊ मायाप्पा नाना मेंढरं चारत होते. वस्तीवर आता त्यांचीच मेंढरं उरली आहेत. पंच्याहत्तरीचे असतील, पण मेंढरू खोकलं तरी कोणतं ते न बघता सांगतात. नानांच्या कमरेला पावा होता.

"नाना, ती चाल वाजवता का?" मी विचारलं.

"आत्ता न्हाय. येळ व्हायचाय. आत्ता वाजीवली तर वाड्याकडं निघत्याल."

सिद्रामला काय वाटलं कोण जाणे. त्यानं गाडीच्या डिकीतून पोराचा छोटा स्पीकर काढला, मोबाइल जोडला आणि ते गाणं लावलं. देशभर वाजतं ते. आधी बासरी. मी मेंढरांकडं बघत होतो. पुढच्या दोघीतिघींनी चरायचं सोडून माना वर केल्या. मग सगळा कळप एकदम वळला, जणू खालून कुणी सतरंजी ओढली, आणि धुरळा उडवत वस्तीच्या दिशेनं निघाला. गाण्याचे शब्द सुरू झाले तेव्हा मेंढरं थबकली. शब्द त्यांना नको होते.

"बंद कर त्ये!" नाना काठी घेऊन धावले. "मुक्या जनावराला फशीवतोस व्हय रं? आजून दोन घटका चरली असती!"

कळप परत वळवायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर सिद्राम मान खाली घालून उभा होता. माझं मात्र जे बघायला आलो होतो ते बघून झालं होतं. साक्षीदार भरपूर होते आणि त्यांना कुणी पढवलेलं नव्हतं.

नाना दमून माझ्याशेजारी बसले. मी म्हणालो, "म्हणजे चाल धुळाप्पांचीच."

"धुळाप्पाची कशानं? माझ्या बापानं मला शिकीवली. त्याला त्याच्या बापानं. धुळाप्पा गोड वाजवायचा यवढंच. चाल आमच्या सगळ्यांची हाय."

मला हे अनपेक्षित होतं. परतीच्या वाटेवर मी त्याचाच विचार करत होतो. चाल कुणाची हे मला ठरवता येत नाही, तो माझा विषय नाही. पण काचेच्या खोलीत बसून ज्यानं ती वाजवली तो धुळाप्पा होता, आणि ती मुंबईत जन्मली नव्हती. नाव घालायला मला एवढं पुरेसं वाटलं.

पावा वाजवणाऱ्या माणसाचा ठसा कुणाकडंच नसतो. त्यामुळं पत्रा राळेवर चिकटवून कलमांनी मागून-पुढून ठोकत आकृती उठवावी लागली. हे काम मी फार वर्षांनी केलं. यंत्राच्या मालानं हात बसूनच गेले होते. बोटं सर्वांत अवघड गेली. पाव्याच्या भोकांवर बोटं कशी पडतात हे मी नानांच्या हातांवरून पाहून ठेवलं होतं, तशी ती बसवली. भुवईवरची खूण घेतली. कान मोठे ठेवले. आणि वर कमानीत, नाण्यावर असतं तिथंच, नाव कोरलं. सांगायला हरकत नाही, काम चांगलं झालं. वडिलांनी उलटून पालटून पाहिलं असतं, काही न बोलता परत ठेवलं असतं, म्हणजे पास. नावावर मात्र त्यांनी काय केलं असतं ते सांगवत नाही.

सुगलाबाई टाक न्यायला आल्या. अंगठ्यानं एकदा टाकावरची भुवई चाचपली आणि घेऊन गेल्या.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्या परत आल्या. बरोबर मायाप्पा नाना, डोक्याला नवा फेटा. नानांनी टाक माझ्यापुढं ठेवला.

"सोनारदादा, काम झकास हाय. बोट ना बोट वळकू येतंय. पर ह्यो टाक बसत न्हाय."

"का?"

"नाव हाय त्याच्यावर. बिरोबाच्या शेजारी नाव लावून कोन बसतं? भावकी बसली व्हती. समद्यांचं म्हननं पडलं, आदी नाव काडा, मग बसवू. कानस मारा. पाच मिन्टाचं काम."

काम पाच मिनिटांचंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. बारीक कानस, मग पॉलिश, नाव होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. मी बाईंकडं पाहिलं. "टाक यांचा आहे, नाना. चांदी यांची. यांनी सांगितल्याशिवाय मी कानस लावणार नाही."

"ती काय सांगनार? येडी झालीया. सुगला, आगं आपल्यात नाव लावत न्हाईत. देवाला न्हाय, चालीला न्हाय. कधी लावलं न्हाय."

"म्हनून तर न्हेली त्यांनी," सुगलाबाई म्हणाल्या.

नानांनी फेटा सारखा केला. रस्त्यावरून एक रिक्षा कर्णा वाजवत गेली.

मग नाना हळू आवाजात बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता हे मला सांगितलं पाहिजे. "बाई, नीट इचार कर. देवात बसला न्हाय तर त्याला दसऱ्याचा निवद न्हाय. पोरानातवाच्या लग्नात त्याला हाळद लागनार न्हाय. तू हाईस तवर तू बघशील. तू गेल्यावर त्याला कोन इचारनार? भाईर ऱ्हाईल त्यो. माझा बी भाऊ व्हता. मला का सोपं जातंय?"

हे सगळं खरं होतं. वाचकांना यातलं काही बाष्कळ वाटेल. त्यांना सांगतो, की ज्या घरात हे मानतात तिथं देवात जागा न मिळणं म्हणजे माणूस दुसऱ्यांदा मरणं. बाई हे माझ्यापेक्षा चांगलं जाणत होत्या. त्यांनी टाक हातात घेतला. बराच वेळ त्याच्याकडं नाही, माझ्या कानसांच्या खोक्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता म्हणतील, मारा. मी कानस शोधायलासुद्धा हात घातला होता.

"नगा," त्या म्हणाल्या. "देवात नगं तर नगं. मानूस व्हते, मानूसच ऱ्हाऊ द्या. ह्याला वर एक कडी लावून द्या, गळ्यात घालीन."

"आन् तुझ्यामागं?" नानांनी विचारलं.

"माझ्यामागं माझ्यासंगं जाळा."

मी कडी डागली. डाग थंड होईपर्यंत नाना बाहेर पायरीवर जाऊन बसले. बाईंनी काळ्या दोऱ्यात टाक ओवला, पण गळ्यात घालण्याआधी माझ्यापुढं धरला. त्यांना वाचता येत नाही.

"काय लिवलंय वाचा."

"धुळाप्पा बाळाप्पा," मी वाचलं.

"मोठ्यानं वाचा. नानाला ऐकू येत न्हाय."

नानांना चांगलं ऐकू येतं. मी मोठ्यानं वाचलं. पायरीवर नानांनी फेटा काढून मांडीवर घेतला. समोरच्या झगमगीत दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"आनखी एकदा," सुगलाबाई म्हणाल्या.